रेणूंची जवळीक सांगणारा ध्वनी

50 मिलिलिटर पाण्यात 50 मिलिलिटर इथेनॉल ओतले, तर मिश्रण 100 मिलिलिटर भरत नाही. 96-97 च्या आसपासच राहते. काही सांडलेले नसते, उडूनही गेलेले नसते. दोन्हींचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात आणि दाटीने बसतात.

ही दाटी डोळ्यांना दिसत नाही, पण ध्वनीच्या वेगावरून ओळखता येते. ध्वनी द्रवाला क्षणोक्षणी दाबत आणि सैल करत पुढे सरकतो. घनता सारखी असेल, तर दबायला कठीण असलेल्या द्रवात तो अधिक वेगाने धावतो. म्हणून वेग आणि घनता हाती आली की द्रव किती दबतो, याचा हिशेब साध्या सूत्राने निघतो.

वेग मोजायला अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटर पुरतो. एमएस्सीच्या अनेक विद्यार्थ्यांनी तो हाताळलेला असतो. तळाशी क्वार्ट्झचा स्फटिक, वर परावर्तक पट्टी, मध्ये द्रव. स्फटिक सेकंदाला 20 लाख वेळा कंप पावतो. पट्टी मायक्रोमीटरने हळूहळू सरकवली की मीटरचा काटा ठरावीक अंतरांवर उसळतो. लागोपाठच्या दोन उसळ्यांमधले अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. पाण्यात ते जेमतेम 0.37 मिलिमीटर भरते. तापमान मात्र काटेकोर सांभाळावे लागते. एका अंशाच्या फरकानेही पाण्यातला वेग सेकंदाला दोन-तीन मीटरने बदलतो.

25 अंश सेल्सिअसला पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1497 मीटर धावतो, इथेनॉलमध्ये सुमारे 1144. मग पाण्यात थोडे इथेनॉल घातल्यावर वेग कमी व्हायला हवा. प्रत्यक्षात तो वाढतो, 1600 च्या आसपास पोहोचतो आणि इथेनॉलचे प्रमाण आणखी वाढल्यावरच उतरू लागतो. म्हणजे हे मिश्रण दोन्ही मूळ द्रवांपेक्षा दबायला कठीण असते.

पेट्रोलमधल्या हेप्टेनसारख्या हायड्रोकार्बनशी गाठ पडली की चित्र उलटते. हेप्टेनचे रेणू इथेनॉलच्या रेणूंमधले बंध सैल करतात, मिश्रणाचे आकारमान किंचित वाढते आणि ते अपेक्षेपेक्षा सहज दबते. उसाच्या मळीपासून बनलेले इथेनॉल आज आपल्या पेट्रोलमध्ये मिसळले जाते, त्यामुळे हा अभ्यास पुस्तकापुरता राहिलेला नाही.

अर्थात, ध्वनी फक्त गोळाबेरीज सांगतो. कोणता बंध जुळला आणि कोणता तुटला, हे नाही. त्यासाठी चिकटपणाची मोजमापे आणि वर्णपटाचा अभ्यास यांची जोड द्यावीच लागते.