सारखे गुण, निराळ्या अडचणी

परीक्षेंत दोघांस सारखे गुण पडले म्हणजे दोघांची योग्यता सारखी, असें आपण सहज धरून चालतों. गुणपत्रकांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस वाटतें कीं, प्रौढ माणसांच्या बाबतींत तरी हा समज तपासून पाहिला पाहिजे.

आर्थिक सहकार्य व विकास संघटना ही पॅरिस येथील संस्था १६ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रीपुरुषांची कौशल्यपरीक्षा घेते. वाचन, हिशेब आणि नव्या अडचणींतून मार्ग काढणें हे तिचे तीन विषय. २०२२-२३ सालच्या दुसऱ्या फेरींत ३१ देश-प्रदेशांतील सुमारें १,६०,००० लोक परीक्षेस बसले. भारत त्यांत नव्हता. निकाल डिसेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला.

अशा उत्तरांचा अर्थ लावण्याची एक रीत डेन्मार्कचे गणिती गेओर्ग राश यांनीं १९६० सालीं ग्रंथरूपानें मांडली. माणसाची योग्यता हा एक आकडा, प्रश्नाची कठिणता हा दुसरा. त्यांच्या वजाबाकीवरून उत्तर बरोबर येण्याचा संभव ठरतो. २०२१ सालीं ‘सायकोमेट्रिका’ या नियतकालिकांत या रीतीस जाळ्याच्या गणिताची जोड मिळाली. परीक्षार्थी व प्रश्न हे सारे एकाच नकाशावर ठिपक्यांसारखे मांडावयाचे. जो प्रश्न एखाद्यास अपेक्षेपेक्षां अधिक साधतो तो त्याच्या जवळ येतो. जेथें तो अकल्पितपणें अडतो तो प्रश्न दूर जातो.

समजा, दोघांचीं वीसांपैकीं बारा उत्तरें बरोबर आलीं. एकजण उताऱ्यांच्या जवळ व कोष्टकांपासून दूर. दुसरा नेमका उलट. गुण तेच, परंतु शिकवावयाचें तें निराळें. अर्थात् नकाशा अडचण कोठें आहे तें दाखवितो, कां आहे तें सांगत नाहीं. संगणकानें टिपलेल्या वेळेवरून उत्तर घाईनें दिलें कीं विचारपूर्वक, याचा थोडा सुगावा लागतो. बाकीचें त्या माणसासच विचारावें लागतें.

हा विचार आपल्या घरांसही लागू आहे. आत्याबाई पंचांग पाहून तिथि-नक्षत्र बिनचूक सांगतात, आणि पंचांग म्हणजे कोष्टकच नव्हे काय? त्याच बँकेच्या छापील अर्जापुढें थबकतात. लगेच घरांतील शिकलेलीं मुलें ‘तुम्हांला नाहीं जमायचें’ म्हणून कागद हातांतून काढून घेतात, आणि आत्याबाईंचा स्वतःच्या पैशाचा व्यवहार कायमचा परक्या हातीं जातो. वस्तुतः अडलेलें असतें तें एखाद्या अपरिचित शब्दाशीं किंवा रकान्याशीं. तो शब्द कोणता, एवढें विचारण्याइतका धीर प्रत्येक सुशिक्षित घरानें धरावा.