घर बघताना जमिनीचा नकाशाही बघा

बे एरियात घर शोधताना आपण शाळा बघतो, देशी दुकान किती मिनिटांवर आहे ते बघतो. पायाखालची जमीन मात्र राहून जाते. फ्रीमाँट, हेवर्ड या आपल्या वस्तीतूनच हेवर्ड फॉल्ट जातो, आणि 1868 साली त्याच्यावर मोठा भूकंप झाला होता.

कॅलिफोर्निया जिऑलॉजिकल सर्व्हेच्या ‘ईक्यू झॅप’ या फुकट नकाशात पत्ता टाका. घर फॉल्टच्या किंवा लिक्विफॅक्शनच्या पट्ट्यात येतं का, ते कळतं. लिक्विफॅक्शन म्हणजे पाण्याने भिजलेली सैल वाळू हादऱ्याने पातळ होणं. 1989 च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात भरावावरची घरं अशीच खचली. ‘अजून तपासलेलं नाही’ असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ ‘धोका नाही’ असा घेऊ नका.

मग यूएसजीएसचा भूशास्त्रीय नकाशा उघडा. त्यातलं मोठं अक्षर वय सांगतं: ‘क्यू’ म्हणजे अलीकडचा गाळ, ‘के’ म्हणजे डायनासोरच्या काळातला खडक. फॉल्टची रेघ अखंड असेल तर जागा बऱ्यापैकी पक्की, तुटक असेल तर अंदाजे, ठिपक्यांची असेल तर गाळाखाली झाकलेली.

मी आयटीवाला असूनही इथे फसलो. झूम करून बघितलं, रेघ शेजाऱ्याच्या अंगणातून जाते म्हणून निश्चिंत झालो! पण 1:24,000 च्या नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 24 मीटर. झूम केल्याने रेघ मोठी दिसते, अचूक होत नाही. घर इतकं जवळ असेल तर भूशास्त्रज्ञाचा अहवालच मागा. घर अशा पट्ट्यात असल्यास विकणाऱ्याने ते लेखी कळवावं, असा इथला कायदा आहे. तो कागद सह्यांच्या गठ्ठ्यात कुठेतरी असतो, आधी तो शोधून वाचा.