पाटाकाठची सायकल आणि सिकलसेल

पाटाच्या कडेचा रस्ता सायकलला सोयीचा. चढ जवळजवळ नाही, गाड्यांची वर्दळही नाही. पण नंदुरबारमध्ये दिवसभराच्या फेरीला निघण्यापूर्वी टायरमधल्या हवेइतकीच रक्ताचीही चौकशी करावी.

जिल्ह्यातील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल बरेच आढळते. यात हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. घामाने अंगातले पाणी घटले की हे आणखी लवकर होते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे, पाठ, छाती असह्य दुखू लागते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २०.

रुग्णाने अशी फेरी डॉक्टरांना विचारूनच करावी. वाहकाला एरवी काहीच त्रास नसतो, म्हणून तर अनेकांना आपण वाहक आहोत हेच ठाऊक नसते. मात्र कडक उन्हात, तहानलेल्या अवस्थेत जोर लावत राहिल्यास क्वचित त्याचेही स्नायू झिजून मूत्रपिंडे धोक्यात येतात. पहाटे निघावे, दुपार सावलीत काढावी, तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. ते घरून न्यावे, पाटाचे नव्हे. तापल्या अंगाने पाटात उडी तर मुळीच नको: अचानक लागलेला गारवाही सिकलसेलचे दुखणे सुरू करतो, आणि अस्तरीकरण केलेल्या निसरड्या काठावरून वर येणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही अवघड.

प्राथमिक आरोग्य केंद्रात थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली, तर रुग्ण की वाहक हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने ठरते.