कडबा गेला, मग शेण गेले

पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावाची आद्याक्षरे आज देशभरातल्या कृषी कार्यालयांत खताच्या टाक्याला चिकटलेली आहेत. रोजगार हमीच्या कामांच्या यादीत ‘नाडेप’ असते, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत असते. ते यवतमाळ जिल्ह्यातल्या एका माणसाचे नाव आहे, हे मात्र खुद्द जिल्ह्यातही फार थोड्यांना माहीत असेल.

टाके साधेच. जमिनीवर विटांचे बांधकाम, भिंतींत हवेसाठी ठेवलेली भोके, आतले माप 180 घनफूट. कुणी 12×5×3 फुटांचे बांधतो, कुणी 10×6×3 चे. आत थरावर थर द्यायचे: 1400 ते 1500 किलो काडीकचरा, साधारण 1750 किलो चाळलेली माती, भरपूर पाणी आणि शेण फक्त 90 ते 100 किलो. तेही पाण्यात कालवून सड्यासारखे शिंपडायचे. वरून शेणमातीने लिंपले, भेगा पडतील तशा बुजवल्या, की तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत तयार. या तीन टनांत निम्म्याहून जास्त आपलीच माती असते, हे सांगायला प्रचारक विसरतात. तरीही युक्ती अस्सल आहे. शेण इथे विरजणासारखे वापरले आहे, आणि एका बैलाचे दहा-बारा दिवसांचे शेण त्याला पुरते.

या युक्तीला पूर्वसुरी आहेत, तेही कापसाच्याच मुलखातले. 1924 साली इंदूरला कापूस संशोधनासाठी संस्था निघाली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ मालापासून ह्युमस कसा करावा याचे पुस्तक लिहिले; ते 1931 साली ऑक्सफर्डने छापले. सेंद्रिय शेतीचा जागतिक इतिहास सांगताना हॉवर्डसाहेब पहिल्या ओळीत येतात, वाड बहुधा येतच नाहीत. कपाशीच्या पऱ्हाट्या लाकडासारख्या टणक, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरायच्या आणि बंड्यांच्या चाकांखाली चुरू द्यायच्या, अशी या दोघांची सोय होती. गोठ्यातली मूत्र मुरलेली माती खणून खतात घालायची, हाही त्यांचा आग्रह. त्याला कारण आहे. जनावर जेवढे नत्र बाहेर टाकते, त्यातले साधारण निम्मे मूत्रात असते. आपल्याकडे ते गोठ्याबाहेरच्या नालीत जाते, आणि उन्हात उघड्या पडलेल्या उकिरड्यातून आणखी थोडे अमोनिया होऊन उडते.

आता शेतकऱ्याचा हिशेब. चांगल्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे टनाला पाच किलो. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत वीस किलोहून थोडे जास्त. नुसत्या नत्रावर तोलले तर एका गोणीसाठी चार टन शेणखत, कित्येक बंड्यांची ओढाताण. कोण करील? पण युरियात सेंद्रिय कर्ब नाही. यवतमाळची काळी माती बेसाल्टची. चिकण इतकी, की उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात वखर चालत नाही. तिला भुसभुशीत ठेवतो तो कर्ब, आणि 45 अंशांच्या उन्हाळ्यात तो झपाट्याने जळतो. दरवर्षी भरला नाही तर खाते रिकामे. महागाव किंवा कळंबच्या कोरडवाहू शेतात पावसाने पंधरा दिवस ताण दिला, की हे रिकामे खाते पऱ्हाटीच्या पानांवर दिसते.

मग हा कर्ब देणारे शेण शेतात का पडत नाही? बैल नाहीत म्हणून. बैल का नाहीत, तर ट्रॅक्टर आला, असे उत्तर मिळते. ते खरे आहे, पण अर्धे. बैलाच्या आधी कडबा गेला. याची सुरुवात संकरित ज्वारीपासून झाली. 1964 साली आलेली सीएसएच-1 बुटकी होती. धान्य वाढले, ताटे आखूड झाली. अन्नटंचाईच्या त्या काळात गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि संकरित वाणांचे कट्टर पुरस्कर्ते होते. पोट भरायचे होते, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. पुढे सोयाबीनने ज्वारीची जागाच घेतली. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले, रानडुकरे आणि रोही कणसे ठेवीनात, कापणीला मजूर मिळेना. सोयाबीनचे कुटार जनावर खाते, पण त्यावर बैलजोडी वर्षभर उभी राहत नाही. सरकारी ई-क्लास जमिनीवरची चराई अतिक्रमणात आक्रसली. शेवटी पोळ्याला जोडी भाड्याने आणायची वेळ काही गावांवर आली. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात महाराष्ट्रातला गोवंश सुमारे दहा टक्क्यांनी घटला. 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर म्हाताऱ्या बैलाला बाजारात मोल राहिले नाही, हे शेतकरी उघड बोलतो. गायीच्या पूजेवर भाषणे देणारे त्यावर बोलत नाहीत.

जगाच्या दुसऱ्या टोकाला नेमके उलटे दुखणे आहे. नेदरलँड्समध्ये शेण जास्त झाले आहे. तिथल्या गोठ्यांना सोयापेंड ब्राझीलसारख्या देशांतून येते. दाण्याबरोबर आलेले नत्र परत जात नाही, तिथल्याच माती-पाण्यात साचते. 2019 साली तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारचे नत्रधोरण रद्द ठरवले आणि पुढे ट्रॅक्टर रस्त्यावर आले. चारा एकीकडे आणि जनावर दुसरीकडे झाले, की एका ठिकाणची जमीन उपाशी राहते आणि दुसऱ्या ठिकाणची अजीर्णाने आजारी पडते.

यवतमाळात चारा आणि जनावराची ही जोडी अजून तुटलेली नाही असे काही कोपरे आहेत. लांब, तलवारीसारख्या सपाट शिंगांची नागपुरी म्हैस विदर्भाचा उन्हाळा सोसते. मथुरा लभान या पशुपालक समाजाने ती जपली आहे. पीक निघाल्यावर रिकाम्या शेतात कळप ‘बसवायचा’, रात्रभराचे शेण-मूत्र जागच्या जागी पडू द्यायचे आणि मालकाने त्याचा मोबदला द्यायचा, हा फिरत्या पशुपालकांचा जुना व्यवहार आहे. त्यात वाहतूक नाही, उकिरड्यातली गळती नाही. कृषी खात्याच्या योजनांत मला त्याचा फारसा उल्लेख दिसत नाही.

2025 साली पद्मश्री मिळालेले यवतमाळचे शेतकरी सुभाष शर्मा नव्वदच्या दशकात रासायनिक खतांपासून दूर गेले. त्यांच्या मांडणीत गाय ही सुटी वस्तू नाही. झाडे, पक्षी, अडवलेले पाणी आणि मातीतले जीव यांच्याबरोबर ती येते. त्यांचा सगळाच हिशेब प्रत्येक अल्पभूधारकाला झेपेल असे नाही. झाडांसाठी आणि चाऱ्यासाठी जमीन सोडणे दोन एकरवाल्याला अवघडच.

त्याच्यासाठी वाट लहान आहे. कपाशीत तुरीच्या ओळी असतातच. त्यांच्या बाजूला ज्वारीची दोन-चार तासे घेतली, तर एका गायीच्या वैरणीला हातभार लागतो. बांधावर गवत, पऱ्हाटी पेटवण्याऐवजी यंत्राने कुट्टी करून टाक्यात. गुलाबी बोंडअळीच्या धास्तीने पऱ्हाटी लवकर शेताबाहेर काढावीच लागते. मग ती जाळायची की टाक्यात घालायची, एवढेच ठरवायचे उरते. कुट्टीयंत्र मात्र गावागावांत भाड्याने मिळायला हवे, आणि रानडुकरांपासून कणसे वाचवायला कुंपणाचे अनुदान. खताच्या टाक्यासाठी पैसे देणाऱ्या योजनेत या दोन गोष्टींसाठीही एक ओळ लागते.