बोलणे झाकलेले, वही उघडी

वकिलाशी झालेले बोलणे कायदा झाकतो. हिशेबाची वही झाकत नाही. राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यात, जमिनीचा सौदा ठरला की सातबारा, विसारपावती आणि बँकेचे पासबुक एकाच पिशवीतून भोरच्या वकिलाकडे जाते. पिशवी त्याच्या कपाटात गेली की आतले कागदही गुपित झाले, ही समजूत मात्र खोटी आहे.

१८७२च्या पुरावा कायद्यातले कलम १२६ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १३२ झाले आहे. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. अशिलाने कामापुरते सांगितलेले, वकिलाने दिलेला सल्ला आणि त्या ओघात पाहिलेल्या दस्तातला मजकूर अशिलाच्या संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही. वकिलाचा कारकूनही याला बांधलेला.

अपवाद दोन. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. ‘तशी रोख घेतली, नोटीस आली, आता काय करू?’ हे बोलणे सुरक्षित. ‘खरेदीखतात रक्कम कमी दाखवू, उरलेली रोख घेऊ, तसा दस्त करा’ हे मात्र नाही. ते बेकायदा हेतूसाठीचे बोलणे झाले, हा पहिला अपवाद. दुसरा अपवाद वकीलपत्र घेतल्यानंतर घडलेल्या गुन्ह्याचा किंवा फसवणुकीचा; तो समजावताना कायद्याने वहीचाच दाखला दिला आहे. अफरातफरीचा आरोपी वकील देतो. खटला चालू असताना वकिलाच्या लक्षात येते की आरोपीच्या वहीत तीच रक्कम त्याच्या नावे टाकलेली आहे, आणि वकीलपत्र घेतले तेव्हा ही नोंद नव्हती. ही गोष्ट संरक्षित नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा हा दाखला आजच्या कुठल्याही टॅली-खतावणीला तसाच लागू पडतो.

३१ ऑक्टोबर २०२५ला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने आणखी स्पष्ट केले: वकिलाच्या ताब्यातले दस्तऐवज हजर करण्यापुरते कलम १३२च्या संरक्षणात येत नाहीत. पण ते पोलिसांच्या हाती नव्हे, न्यायालयापुढे ठेवायचे, आणि हरकत असल्यास न्यायालयाने ती ऐकायची. वकिलाला समन्स काढायचे तर अपवादात बसले पाहिजे आणि पोलीस अधीक्षकाच्या किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी मंजुरी हवी. कंपनीचे पगारी विधी अधिकारी कलम १३२च्या छत्राबाहेर राहिले.

सीएला तर हे छत्र मुळातच नाही. त्याची गोपनीयता व्यवसायाच्या आचारसंहितेतली. कायद्याने मागितले की माहिती द्यावीच लागते. शिवाय ३ मे २०२३च्या अधिसूचनेनुसार, अशिलाच्या वतीने स्थावराची खरेदी-विक्री किंवा बँक खात्याचे व्यवहार करणाऱ्या सीएवर मनी लाँडरिंग कायद्याखाली नोंदी ठेवण्याची जबाबदारी आली आहे.