खेळ गेला, नाव उरले

पोलोग्राउंड हे नाव आपण इंदूरकर दिवसातून किती वेळा उच्चारतो! वीज कंपनीची कचेरी तिथे, कारखाने तिथे. घोडे मात्र केव्हाच गेले. संस्थानी थाटाच्या त्या खेळाचे नाव तेवढे मागे उरले.

गेल्या रविवारी नातवाबरोबर तिकडून चाललो होतो. त्याच्या मोबाईलवर ‘पोकेमॉन गो’ चालू होता. २०१६ साली जगभर गाजलेला हा खेळ त्याच वर्षी डिसेंबरात भारतात रीतसर आला. त्याची गंमत अशी की, घरी बसून तो रंगत नाही. खेळात मिळालेले अंडे उबवायचे तर दोन, पाच, प्रसंगी दहा किलोमीटर चालावे लागते. मोटारीतून वेगाने गेल्यास ते अंतर जमेस धरत नाहीत. शिवाय गावोगावची देवळे, पुतळे, जुन्या वास्तू हेच त्यातले थांबे. मुलाचे डोळे पडद्यावर, म्हणून रस्ता ओलांडताना त्याचा हात मी धरला होता.

एकाएकी मान वर करून त्याने विचारले, “आबा, इथे पोलो कोण खेळायचं?”

मी गप्प! ज्या गावात आमच्या पिढ्या नांदल्या, तिथल्या मैदानाची गोष्ट मला धड सांगता येईना. खेळाने मुलाला घराबाहेर काढले खरे. पण समोरच्या जागेची ओळख करून देण्याचे काम वडीलधाऱ्यांचेच.

येत्या रविवारी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे जायचे ठरले आहे. पावले त्याचा मोबाईल मोजील. मी मात्र आदल्या रात्री होळकरांचा इतिहास पुन्हा चाळून ठेवणार आहे.