शिकारीनंतरची सुरी : एक शब्दविचार

मराठीतील शिकारकथा बहुधा बंदुकीच्या बाराबरोबर संपते. जनावर कोसळते आणि निवेदन तळावरच्या जेवणाकडे वळते. मधले काम, म्हणजे जनावर फाडणे, सोलणे आणि वाटे घालणे, निवेदनाबाहेर राहते. या मौनाचा संबंध ते काम कोण करीत होते याच्याशी आहे, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे. या शिकारीची भारतातील रूढ रीत अशी : चित्त्याने काळवीट पाडले की चित्तेवान धावत जाऊन त्याचा गळा चिरीत असे आणि रक्त पळीत धरून चित्त्यापुढे करीत असे, त्या लोभाने चित्ता शिकार सोडी. शिकारीचा मान राजाचा असला तरी मैदानावरची पहिली सुरी सेवकाच्या हाती असे.

पुढचे काम कौशल्याचे असते. देहातील उष्णतेने मांस लवकर नासते, म्हणून पोट विनाविलंब रिकामे करावे लागते. चीर उथळ ठेवावी लागते; पाते खोल गेले तर कोथळा फुटून मांस खराब होते. पित्ताची पिशवी फुटली तर काळीज कडू होते. कातडे मात्र पात्यापेक्षा मुठीने चांगले सुटते. पायाकडून चीर देऊन मूठ आत सारीत गेले की ते अखंड निघते. रानडुकराचे कातडे न सोलता केस जाळून खरवडण्याचीही रीत आहे.

या कामाचे शब्द आपल्या भावभाषेत खोलवर रुजले आहेत. मटणाच्या दुकानात ‘काळीज’ म्हणजे यकृत; कवितेत तेच हृदय होते. ‘आतडे तुटणे’, ‘पित्त खवळणे’, ‘कोथळा काढणे’ या प्रयोगांतही देहाच्या अंतर्भागाची ओळख गृहीत आहे. शब्द साहित्यात आले. ते रोज हाताळणारी माणसे मात्र फार उशिरा आली.

दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) महारवाड्यातील मेलेल्या जनावराच्या मांसाची वाटणी येते. येथे शिकार नाही, हा भेद महत्त्वाचा आहे. शिकारीत हौस आणि मान होता; येथे भूक आणि जातीने लादलेले काम आहे. सुरीचे ज्ञान मात्र तेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाड येथे मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. अशा लेखनातील कौशल्याचेच कौतुक केले तर सक्ती विसरली जाते. केवळ अवहेलना पाहिली तर माणसाचे ज्ञान नाकारले जाते. वाचनात दोन्हींचे भान हवे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची परंपरा संपुष्टात आणली. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील संग्रहालयात भुसा भरलेली जनावरे आजही उभी आहेत. ती पाहताना शिकाऱ्याचे नाव सहज आठवते. कातडे सोलणाऱ्याचे नाव आपण विचारीतही नाही. ‘बलुतं’ शिकविताना विद्यार्थ्यांनी मटण बाजारातून आणि वृद्धांकडून हे शब्द टिपून आणले, तर कोशाला भर पडेलच. शिवाय त्या शब्दांमागचे हातही अभ्यासाच्या कक्षेत येतील.